भिंतीतलं आभाळ

आभाळालाही मालक असतो हे खैरपाटच्या लोकांना केतकी गावंडेनं शिकवलं, आणि त्याबद्दल गावानं तिला काही कमी शिव्या घातल्या नाहीत. जमिनीची मोजणी लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. कुणी बांध कोरला की मोजणीवाला यायचा, खुंट्या ठोकायचा, आणि दोन्ही भाऊ आपलं भांडण बाजूला ठेवून आधी त्यालाच बोल लावायचे. पण ही बाई शिडी लावून छतावर चढायची, पत्र्याशेजारी उताणी पडायची आणि खाली उतरून सांगायची, "तुमच्या शेजाऱ्यानं तुमचं दोन आणे आभाळ खाल्लंय." आता यावर माणसानं हसावं की कोर्टात जावं? खैरपाटचे लोक आधी हसले आणि मग कोर्टात गेले.

हे सगळं गारपत्र्यामुळे सुरू झालं. कुठल्याशा प्रयोगशाळेत तो जन्मला तेव्हा त्याचं नाव चांगलं हातभर लांब होतं, पण वऱ्हाडात पोचेपर्यंत त्याचा गारपत्रा झाला. भर उन्हात ठेवलेला पत्रा आपोआप गार पडतो, यावर आधी कुणी विश्वास ठेवेना. केतकी लोकांना शेकोटीचं उदाहरण द्यायची. शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. हवा तर दोन्हीकडे तीच असते. म्हणजे तोंड भाजतं ते किरणांनी. असे किरण सोडायला जाळच लागतो असं नाही. भिंत, माठ, म्हैस, आपण स्वतः, जगातली प्रत्येक वस्तू रात्रंदिवस उष्णतेचे किरण सोडत असते आणि समोरच्या वस्तूंनी सोडलेले झेलत असते. गेले किती आणि आले किती, यांची वजाबाकी म्हणजे उष्णतेचा झोत. वस्तू जितकी तापलेली, तितके किरण जास्त. आणि हे जास्तपण फार चढत्या भाजणीचं आहे, थोडंसं तापमान वाढलं तरी किरण भरमसाट वाढतात.

आता आभाळाचं पाहू. हवा यातले बरेचसे किरण अडवते, पण ठरावीक लांबीच्या लहरींसाठी तिच्यात एक खिडकी कायम उघडी आहे, आणि त्या खिडकीपलीकडे सरळ अंतराळ. तिथली थंडी शून्याखाली दोनशे सत्तर अंश. गारपत्रा नेमके त्या खिडकीतून जाणारे किरण सोडतो आणि अंगावर पडलेलं ऊन जवळजवळ सगळं परत फेकतो. त्यामुळे दुपारी बारा वाजतादेखील त्याच्याकडून जातं जास्त, येतं कमी. पत्र्याखालच्या नळ्यांतलं पाणी हवेपेक्षा वीस अंशांनी गार होतं, ते खालच्या खोलीच्या छतातून फिरतं, आणि खोली निवते. वीज लागते ती एका चिमुकल्या पंपापुरती. अट एकच, पत्र्याला आभाळ दिसलं पाहिजे. आभाळाच्या जागी शेजाऱ्याची तापलेली भिंत दिसली, तर पत्रा बिचारा भिंतीचे किरण झेलत बसतो. म्हणून आभाळहक्काचा कायदा आला, आणि कायद्यामागून केतकीसारखे आभाळमोजणीदार आले.

केतकी मोठ्या हौसेनं आपल्या तालुक्यात बदली मागून आली होती. इथली उन्हं तिनं लहानपणापासून सोसली होती, आणि ती हरवायची असतील तर इथेच, असं तिला वाटायचं. पण देवाला विनोदाची हौस असावी. पहिल्याच वर्षी तिला नोटीस द्यावी लागली ती सख्ख्या भावाला.

भूषणदादाचं घर गावातल्या सरकारी प्रसूती रुग्णालयाला लागून, पूर्वेला होतं. हिवाळ्यात त्यानं घरावर तिसरा मजला चढवला. कारणही तसंच होतं. त्याची एकुलती एक लेक ऋजुता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिच्यासाठी त्याला उंचावर, वाऱ्याची खोली हवी होती. खोली झकास झाली. पण तिची पश्चिमेची भिंत रुग्णालयाच्या गारपत्र्यावर राक्षसासारखी उभी राहिली.

"तू मले नोटीस देतं?" ओट्यावर बसलेल्या भूषणनं कागद न उघडताच विचारलं होतं.

"तुले नाई दादा. भिंतीले देऊन रायली."

"भिंत कोनाची हाय?"

"तुयी."

"मंग?"

केतकीनं पोचपावतीवर त्याची सही घेतली आणि ती निघाली. चार दिवसांनी भूषणनं नोटिशीवर स्वतःच तोड शोधली. नियमावलीत एक ओळ होती, की पांढऱ्या रंगाची भिंत अडथळा धरू नये, कारण पांढरा रंग तापत नाही. त्यानं भिंतीला चुन्याचे तीन हात दिले. भिंत बगळ्यासारखी पांढरी झाली. केतकीनं छतावर जाऊन पाहिलं, नियम वाचला आणि सुटकेचा श्वास टाकत सही केली. मन कुठंतरी कुरकुरत होतं, पण भावाशी वैर मिटतंय तर कशाला उकरून काढा, असं तिनं मनाला समजावलं. वैर काही मिटलं नाही. भूषण तिच्याशी बोलायचा बंद झाला तो झालाच. तिची वहिनी पल्लवी मात्र गुपचूप लोणचं पाठवायची.

वैशाख आला तो अंगार घेऊन. पारा सत्तेचाळिसावर गेला, आणि एका वावटळीनं विजेचे मोठे मनोरे आडवे केले. सगळा तालुका अंधारात गेला. अशा वेळी गारपत्र्याची खरी कसोटी होती, आणि गावातले बाकीचे पत्रे त्या कसोटीला उतरले. शाळेत गारवा होता, ग्रामपंचायतीत होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथे नेऊन ठेवलं होतं. फक्त रुग्णालयाचा वॉर्ड भट्टीसारखा धगधगत होता. तिथला पत्रा चालत नाही हे हिवाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात वीज होती तोवर एसी सगळं झाकून नेत होते.

डॉक्टर फरहीन देशमुखांचा फोन केतकीला सकाळी आला.

"मॅडम, लगेच या. तुमची भाची काल बाळंत झाली. आठव्या महिन्यातच. मुलगी आहे."

केतकीला कुणी कळवलं नव्हतं. ती तशीच निघाली.

वॉर्डात ऋजुता कपाळावर ओला फडका घेऊन पडली होती. पल्लवी वहिनी तिला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. पलीकडे काचेच्या पेटीत मूठभर जीव होता, लाललाल, धापा टाकणारा. जनरेटरवर दिवे, पेट्या आणि पत्र्याचा चिमुकला पंप एवढंच चालत होतं.

"ही पेटी बाळाला ऊब देते, गारवा देत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "खोलीच बाळापेक्षा जास्त तापली तर पेटी काय करणार? एवढ्याशा जिवाला घामही येत नाही. अंग एकोणचाळिसाकडे चाललंय. हा आजाराचा ताप नाही, ही खोली तिच्या अंगात शिरतेय."

"अकोल्याला नेलं तर?"

"तिथे एकेका पेटीत दोन-दोन बाळं आहेत. आणि वाटेत अँब्युलन्समध्येही हेच ऊन. मॅडम, तुमचा पत्रा चालवा. आजची दुपार अशीच गेली तर मी काही सांगू शकत नाही."

केतकीनं पेटीकडे पुन्हा पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. ती शिडीकडे धावली.

छतावर पत्रा स्वच्छ होता, पंप चालू होता, नळ्या ठीक होत्या. तिनं पिशवीतून झोतमापक काढला. खोबऱ्याच्या वडीएवढी चकती, पण उष्णता कुठून येते आणि कुठं जाते हे अचूक सांगणारी. चकती आभाळाकडे केली, तर झोत वर जात होता, भरपूर. चकती भिंतीकडे वळवली आणि आकडा उलटा झाला. उष्णता येत होती. पत्रा आभाळाला जे देत होता, ते जवळजवळ सगळं भिंत त्याला परत करत होती.

मग तिनं उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला, आणि हिवाळ्यापासूनची कुरकुर काय होती ते तिला कळलं. डोळ्यांना बगळ्यासारखी दिसणारी ती भिंत कालची धग पोटात घेऊन कॅमेऱ्यात निखाऱ्यासारखी पेटलेली होती. चुना उन्हाला पांढरा असतो हे खरं. पण उष्णतेच्या लांब लहरींच्या किरणांना तो पांढरा नसतोच, त्यांच्या लेखी चुना आणि काजळी सारखीच काळी. आणि काळी वस्तू जितकी झेलते तितकीच जोरानं सोडते. नियम लिहिणाऱ्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, आणि केतकीनं नियमावर.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर धाडकन आवाज झाला. भूषण लोखंडी घण घेऊन भिंतीच्या टोकाशी उभा होता. रात्रभर जागल्यानं डोळे तांबारलेले होते. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नव्हती. पत्रा का चालत नाही, हे गावात सगळ्यांना अंदाजानं ठाऊक झालं होतं.

"दादा, थांब."

"कायले थांबू? माया भिंतीनं मायी नात भाजून रायली. पाडतो."

"पाडू नको. धूळ उडन, सगळी पत्र्यावर बसन. धूळ बसली का पत्रा मेला. आन् भिंत उतरवाले आठ दिवस लागतीन. आपल्यापाशी आजची दुपार हाय फक्त."

भूषणचा हात खाली आला. "मंग मी काय करू, केतके? तू सांगशीन ते करतो. मागं आयकाले पायजे होतं तुयं."

"मागं मी बी चुकली. चुन्यानं भागते म्हणून सही मीच केली." तिनं कॅमेरा पुन्हा उचलला. "मले जरा पाहू दे."

ती पत्र्याशेजारी आडवी पडली, हनुवटी पत्र्याच्या पातळीला आणून. पत्र्याला काय दिसतं ते पाहायची तिची ही नेहमीची रीत होती. वर निळं आभाळ, आणि पूर्वेला निम्म्यापर्यंत चढलेली भिंत. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि पेटलेल्या भिंतीवरून सावकाश फिरवला. आणि एका ठिकाणी थबकली.

भिंतीला भोक पडलं होतं. गोल, काळंशार, थंडगार भोक. कॅमेरा सांगत होता की तिथलं तापमान शून्याच्याही खाली आहे. तिनं कॅमेरा बाजूला करून पाहिलं. दोन मजल्यांमधल्या सज्ज्यावर पल्लवी वहिनीनं एक पितळी परात भिंतीला टेकवून वाळत ठेवली होती. कुरड्यांचा चीक घाटून झाल्यावर घासून लख्ख केलेली.

परात थंड नव्हती. हात लावला असता तर चटका बसला असता. पण घासलेला धातू स्वतःचे उष्णतेचे किरण जवळजवळ सोडतच नाही, समोरून आलेले परत धाडतो. त्या परातीत कॅमेऱ्याला दिसत होतं ते आभाळ होतं. भिंतीच्या मधोमध एक परातभर आभाळ.

केतकी उठून बसली आणि हसायला लागली. भूषणला वाटलं, उन्हानं बहिणीचं डोकं फिरलं.

"दादा, भिंत राहू दे. तिले आरसा करू. गावात पराती किती हायत?"

"पराती?"

"पितळी, तांब्याच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या. लग्नातल्या, भंडाऱ्यातल्या. जेवढ्या असतीन तेवढ्या. पन घासलेल्या. काळी पडलेली परात भिंतीसारखीच."

घण तिथेच टाकून भूषण जिना उतरत सुटला.

वऱ्हाडातल्या गावात दोन गोष्टींची कधी वाण नसते, एक ऊन आणि दुसरी पंगतीची भांडी. लग्नामांडवाचं सामान भाड्यानं देणारा बिछायत केंद्रवाला शेषराव तायडे ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत अ‍ॅल्युमिनियमच्या पराती, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढी, बांबू, सुतळी, आणि वर हिरव्या जाळीचं भेंडोळं.

"ताई, आधी पत्र्यावर जाळी टाकून देतो," तो मोठ्या मायेनं म्हणाला. "बिचारा किती उन्हात तापून रायला."

"शेषरावभाऊ, जाळी टाकाल तं माया हातचा मार खासान. त्याले आभाळ दिसू द्या. तो उन्हाले भीत नाई, जाळीले भेते."

शेषरावच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, पण मांडव घालणारा माणूस कामाला पक्का. मांडव आडवा घालतात तसा त्यानं भिंतीला उभा घातला. बांबूंची चौकट, आणि प्रत्येक चौकात सुतळीनं आवळून परात. खाली रुग्णालयाच्या आवारात बायांनी बैठक मारली होती. घराघरांतून पितळी-तांब्याची भांडी आली, मंदिरातून महाप्रसादाच्या पराती आल्या, दर्ग्याच्या लंगरचे थाळे आले. चिंच आणि राखेनं घासणं चाललं होतं. "अवो, तोंड दिसलं पायजे त्यात," एक म्हणाली. "तुयं तोंड दिसन तं परात बिघडन," दुसरीनं उत्तर दिलं, आणि एवढ्या जिवावरच्या प्रसंगातही आवारात खसखस पिकली.

डॉक्टर फरहीन मधूनच बाहेर येऊन वर पाहत. "पण मॅडम, पश्चिमेचं ऊन या परातींवरून पत्र्यावर नाही का येणार?"

"येऊ द्या. ऊन परत फेकणं हे तर पत्र्याचं कामच आहे. त्याला सोसत नाही ती भिंतीची धग. ती आता परातीमागे कोंडली जाईल."

"बाळ आणखी थोडं तापलंय," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

केतकी छतावर झोतमापक धरून बसली. डोक्यावर ओला टॉवेल होता, तो मिनिटामिनिटाला वाळत होता. पहिली रांग लागली, आकडा जेमतेम हलला. दुसरी लागली. भूषण बांबूवर चढून स्वतः गाठी मारत होता, पन्नाशीला आलेला माणूस, हाताला चटके बसत होते तरी खाली उतरायला तयार नव्हता. तिसरी रांग लागली आणि चकतीवरचा आकडा शून्यावर आला. आता भिंतीकडून येणं आणि तिच्याकडे जाणं बरोबरीचं झालं होतं. चौथ्या रांगेच्या मधल्या पराती बसल्या आणि आकड्यानं कूस बदलली.

झोत बाहेर चालला होता. भिंतीच्याच दिशेनं. भिंतीवर आदळून, परातींवरून उलटून, वर आभाळात.

"गेला," ती ओरडली. "दादा, गेला रे."

"कोन गेला?" बांबूवर भूषणचा चेहरा पांढराफटक पडला.

"झोत गेला. उलटा फिरला. पत्रा चालू झाला."

भूषण बांबूला मिठी मारून तिथेच थांबला. त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि डोळ्यांतून काय ओघळत होतं ते खालच्यांना दिसलं नाही. केतकीला दिसलं.

उरलेल्या रांगा हां हां म्हणता लागल्या. वरच्या टोकापर्यंत भिंत झाकली गेली, आणि कलत्या उन्हात ती अशी पेटली की रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि डोळ्यांवर हात धरून तो विचारू लागला की इथे कोणता देव बसवला. केतकीनं नळीवर हात ठेवला. पाणी तिच्या बोटांखाली गार होत चाललं होतं. विसाव्या शतकातल्या आजोबांपासून या गावानं दुपार सोसली होती, आज पहिल्यांदा तिनं दुपारला मागे ढकललं होतं, आणि तेही पंगतीच्या पराती घेऊन. तिला भयंकर आनंद झाला. इतका, की छतावर कुणी नाही असं पाहून ती एकदा चक्क नाचली.

खाली मात्र अजून कुणी आनंद करत नव्हतं. बाया घासलेल्या हातांनी तशाच आवारात बसून होत्या. शेषराव बिडी न पेटवता बोटांत धरून उभा होता. भूषण पायरीवर बसला होता, हातांना ओला फडका गुंडाळून, आणि वॉर्डाच्या दाराकडे बघत होता. आत जायचं त्याला धाडस होत नव्हतं. केतकी शिडीवरून उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिच्यासाठी पायरीवर जागा केली.

दिवस मावळतीला आला तेव्हा डॉक्टर फरहीन दारात आल्या. त्यांनी आधी सवयीनं चेहऱ्यावर हात फिरवला, आणि पुसायला घाम नाही हे लक्षात येऊन त्या स्वतःशीच हसल्या.

"बाळाचं अंग सदतिसाच्या खाली आलंय. शांत झोपलीय. पेटी पुन्हा ऊब द्यायला लागलीय, म्हणजे तिचं काम तिला परत मिळालं."

भूषणनं हात जोडले, पण कुणाला जोडावेत हे न समजून ते तसेच अधांतरी राहिले.

तेवढ्यात वॉर्डाच्या आतून ऋजुताचा आवाज आला. कालपासून ओल्या फडक्याखाली निपचित पडलेल्या पोरीचा आवाज, झोपेनं जड झालेला.

"आई, काई पांघराले हाय का? मले हिव लागून रायलं."

पल्लवी वहिनीनं घाबरून तिच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. डॉक्टर धावत आत गेल्या. ताप नव्हता. छत गार झालं होतं, आणि खाली पडलेल्या पोरीचं अंग आपली ऊब त्या छताला देत होतं. वैशाखात, वऱ्हाडात, वीज नसलेल्या गावात एका बाळंतिणीला थंडी वाजत होती.

वहिनी खिडकीत आली. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "गोधडी आना घरून. पोरीले हिव लागून रायलं."

आवारात क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, आणि ते हसू रस्त्यापर्यंत गेलं. रस्त्यावर अजून चव्वेचाळीस अंश होते, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि सगळं गाव एकमेकांना सांगत होतं, पोरीले हिव लागून रायलं, हिव लागून रायलं.

भूषण उठला. तो घराकडे पळाला, तिसऱ्या मजल्यावर गेला, पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत पडलेली जाड गोधडी त्यानं उपसली आणि तसाच धावत खाली आला. भर वैशाखात, घामानं निथळत, छातीशी गोधडी कवटाळून येणाऱ्या त्या माणसाला खैरपाटच्या लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून नवरदेवासारखी वाट करून दिली.